दशमीची ओहोटी

दिवाळीआधीची साफसफाई निघाली की दिवाणाखालची निळी पिशवी बाहेर येते आणि माझ्या पोटात गोळा येतो. पिशवीत भयंकर असं काही नाही. घडी घातलेली एक कयाक आहे, म्हणजे हवा भरायची दोन माणसांची होडी. शिवाय दोन वल्ही, एक पायपंप, दोन लाइफ जॅकेटं. पावसाळाभर ती तिथे झोपून असते. आश्विन लागला, हवेतला ओलावा ओसरला, दुपारी गच्चीच्या कठड्याला हात लावू नये इतका तो तापायला लागला, की हे ती ओढून काढतात, हॉलभर पसरतात आणि ओल्या फडक्यानं पुसायला बसतात. हे म्हणजे माझे यजमान. मी स्वयंपाकघरात रवा भाजत असते. रव्याच्या खमंग वासात मध्येच रबराचा वास मिसळतो आणि त्याच्या खालून खाडीचा तो खारट, जरासा कुजका वास. मग रवा करपतो. दरवर्षी करपतो. लेक, केतकी, म्हणते, "आई, तू तरी कशाला बघत उभी राहतेस?"

काय सांगणार तिला. ती त्या दिवशी घरी होती आणि तिला आम्ही फोनवर सांगितलं होतं की आम्ही मजेत आहोत.

त्या वर्षीचा ऑक्टोबर वेगळाच होता, किंवा मीच वेगळी होते. मार्चअखेरीला यांना ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ आली. दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आता सगळं पूर्ववत करायला हरकत नाही. हे 'पूर्ववत' म्हणजे काय, ते मात्र कुणीच समजावून सांगितलं नाही. हे तीन महिन्यांनी ऑफिसला जायला लागले. नाक्यावरच्या दुकानदारानं "अब तो एकदम फिट, साहब" असं म्हणूनही टाकलं. जग पूर्ववत झालं. मी नाही झाले. मी सातव्या मजल्यावरच्या त्या घरात कान लावून वावरायला लागले. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला आणि दार उघडलं नाही, तर मी बाहेर उभी. जिन्यात पावलं थबकली, तर मी दाराशी. आणि रात्री हे झोपले की मी त्यांचे श्वास मोजायची. शंभरपर्यंत मोजले की पुन्हा एकपासून.

कयाक आली ती जुलैमध्ये. ऑफिसातला एक मित्र नोकरी सोडून परदेशी निघाला होता. यांचं लहानपण रेवदंड्याकडच्या खाडीत गळ टाकण्यात गेलेलं, हे त्याला माहीत होतं. त्यानं जाताना ती यांना देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, ठेवणार कुठे?" त्यांनी दिवाणाखालचे माझे पितळेचे डबे काढून माळ्यावर टाकले. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्या घरात एखादी वस्तू कुठे ठेवायची हे त्यांनी ठरवल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

सप्टेंबरात पाऊस सरला आणि हे दर रविवारी पहाटे जायला लागले. एकटे. जेसल पार्कच्या बाजूला खाडीच्या काठी जेट्टी आहे, तिथून उतरायचं, भरतीबरोबर घोडबंदरच्या दिशेनं आत जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. पाणीच नेतं आणि पाणीच आणतं, असं ते म्हणायचे. माझे सासरे तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे मोबाइलमध्ये बघायचे. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासऱ्यांचं गणित करायला शिकले. भरती अमुक वाजता, म्हणजे ओहोटी तमुक वाजता लागणार, म्हणजे हे साडेदहापर्यंत यायला हवेत. पावणेअकरा झाले की मी खिडकीशी जायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधल्या फटीत कांदळवनाचा हिरवा पट्टा दिसतो. खाडी दिसत नाही, ती त्या हिरव्यापलीकडे आहे असं फक्त माहीत असतं. त्या फटीकडे बघत मी कणीक मळायची. एका रविवारी तीनदा खाली जाऊन आले, तेव्हा वॉचमन म्हणाला, "भाभी, साहब आएँगे तो मैं इंटरकॉम कर दूँगा ना. आप ऊपर बैठो." मला इतकी लाज वाटली, की पुढच्या रविवारी मी खाली न जाता खिडकीतच उभी राहिले. दीड तास.

भीतीबद्दल लोक बोलतात ते संकट समोर उभं राहिल्यावरच्या भीतीबद्दल. समोर काही नसताना जी वाटते तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिला कारण दाखवता येत नाही. घरातली सगळी कामं ती आपल्याला करू देते, आणि त्यातलं एकही धड होऊ देत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. फोन वाजला की आधी घड्याळाकडे बघितलं जातं, मग नावाकडे. आणि माणूस दारात येऊन हसला, की सुटका वाटायच्या ऐवजी राग येतो. मला फार राग यायचा. हे दोन बोटं उंचावून "दोन मासे मिळाले!" म्हणत आत यायचे आणि मी म्हणायची, "आधी पाय धुवा."

दिवाळी तोंडावर आली होती. आश्विनातली वद्य दशमी, रविवार. शनिवारी संध्याकाळी हे गळाचं रीळ साफ करत बसले होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "उद्या मीही येणार."

त्यांनी मान वर केली. "तुला पोहता येत नाही."

"जॅकेट दोन आहेत ना?"

"दिवाळीचं काय? चकल्या?"

"केतकी भाजणी भाजून ठेवेल. मी येणार."

हे पुन्हा रीळ पुसायला लागले. त्यांना ते आवडलं नव्हतं, हे मला कळत होतं. का आवडलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

सकाळी सहा वाजता आम्ही जेट्टीवर होतो. उजाडायला लागलं होतं. पाणी शिशासारखं जड आणि राखाडी. यांनी पंपावर पाय मारायला सुरुवात केली आणि मी प्रत्येक दाबाबरोबर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मी मारते." "अगं, सवय आहे मला." "तरी मी मारते." शेवटी अर्धा पंप मी मारला आणि मलाच दम लागला. त्यांनी माझ्या जॅकेटचे पट्टे आवळले, मला पुढच्या जागेवर बसवलं, मागच्या जागेवर स्वतः बसले आणि एका पायानं काठ ढकलला. होडी एकदम हलकी झाली. माझ्या तोंडून देवाचं नाव आलं.

पुढे बसणं ही माझ्यासाठी शिक्षाच होती. मला हे दिसत नव्हते. वल्ह्याचा आवाज तेवढा यायचा, डावीकडे, उजवीकडे. तो जरा लांबला की मी मान वळवायची, आणि होडी डुगडुगायची. "पुढे बघ गं!" हे ओरडायचे. मग मी आवाजच ऐकत बसले. डावीकडे, उजवीकडे. रात्री जे मोजायची तेच इथे दिवसा.

आणि तरीही, आज मागे वळून बघताना कबूल करायला हवं, ती सकाळ सुंदर होती. भरतीचं शेवटचं पाणी आम्हाला अलगद आत नेत होतं. कांदळवनाच्या मुळांपर्यंत पाणी चढलेलं, त्यामुळे झाडं पाण्यातच उभी असल्यासारखी. बगळे फांद्यांवर अंग फुगवून बसलेले. एक खंड्या आमच्या पुढे पुढे उडत जायचा, थांबायचा, आम्ही जवळ आलो की पुन्हा पुढे. मागे इमारतींची रांग होती, त्यातल्या एखादीच्या काचेवर ऊन पडलं की डोळा दिपायचा. ज्या फटीतून मी रोज बघायची त्या फटीच्या पलीकडे मी पहिल्यांदाच आले होते. इथून आमची खिडकी ओळखता येत नव्हती.

सुमारे तासाभरानं हे मुख्य खाडी सोडून एका चिंचोळ्या फाट्यात शिरले. दोन्ही बाजूंनी झाडी, वर आकाशाची पट्टी. वारा थांबला. यांनी गळाला कोळंबी लावली. पहिला लागला तो शिंगाळा. मिशा असलेला तो मासा. त्याच्या कल्ल्यांशी आणि पाठीवर काटे असतात. "हलू नकोस," हे म्हणाले, "याचा काटा होडीत घुसला तर हवा जाईल." त्यांनी त्याला पाण्यावरच धरून दोरी कापून टाकली. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. हवा भरलेल्या पिशवीवर बसून माणूस काटे असलेले मासे धरतो, आणि याला सुट्टी म्हणतो.

नऊ वाजता परत फिरायचं ठरलं होतं. साडेसातला भरती पूर्ण झाली होती, पाणी उतरायला लागलं होतं. मुळांवर ओल्या चिखलाची एक रेघ उघडी पडली होती, बोटभर रुंद. हे म्हणाले, "चल, निघू या." आणि नेमकी तेव्हाच रॉड वाकली.

जिताडा होता. हातभर लांब, चंदेरी. पाण्याबाहेर अंगभर उसळला आणि पडला, आणि यांच्या तोंडून लहान मुलासारखी किंकाळी निघाली. पाच-सात मिनिटं झुंज चालली. मी पहिल्यांदाच मान वळवून पूर्ण मागे बघितलं. त्यांची टोपी पडली होती, कपाळ घामानं निथळत होतं, आणि हे हसत होते. मार्चपासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. घरात हसायचे, पण ते आम्हाला बरं वाटावं म्हणून. मासा होडीत आला. हे म्हणाले, "झालं. आता खरंच निघू."

आणि मी म्हटलं, "थांबा ना. अजून एकदा टाका."

हे मी म्हटलं. मी कधी कुणाला सांगितलं नाही, यांनीही कधी काढलं नाही, पण त्या दिवशी जे झालं ते त्यांच्या हावेपायी नाही, माझ्या या शब्दांपायी झालं. मला ते हसणं अजून थोडा वेळ हवं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नक्की?" "नक्की." एकदाचं पाच वेळा झालं. दुसरा जिताडा लागून सुटला. त्याच्या मागे लागून फाट्यात आणखी आत गेलो. रेघ बोटभराची हातभर झाली, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही बघत नव्हतो.

साडेदहाच्या सुमारास आम्ही वळलो, आणि पहिल्याच वळणावर होडीचा तळ घसरल्यासारखा वाटला. वल्हं पाण्यात घातलं तर कोपरभर खाली चिखल. पुढे बघितलं तर फाट्याच्या तोंडाशी पाणीच नव्हतं. करडा, गुळगुळीत, चकाकणारा चिखल होता, त्यावर छोटे निवटे, चिखलातले ते मासे, टणाटण उड्या मारत होते. आम्ही वल्ह्यांनी ढकललं, अंग पुढेमागे करून होडी हलवली. दहा हात गेलो. मग थांबलो. मग होडीखालचं उरलंसुरलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत एका धारेनं निघून गेलं.

दशमी. भरती साडेसातला. ओहोटीचा तळ पावणेदोनला. म्हणजे जितकं पाणी साडेदहाला होतं तितकं परत यायला पावणेपाच, पाच. सासऱ्यांचं गणित मी मनात तीन वेळा केलं. तीनही वेळा तेच उत्तर आलं.

मी पहिली गोष्ट विचारली, "दुपारची गोळी?"

हे म्हणाले, "स्कूटरच्या डिकीत. साडेदहापर्यंत परतणार होतो ना."

जिभेखाली ठेवायची गोळी माझ्याकडे होती. ती मी मार्चपासून रुमालाच्या गाठीत बांधून कंबरेला खोचत असे, लग्नाकार्यातसुद्धा. हात लावून बघितला, होती. पाण्याची एक बाटली, अर्धी. दोन केळी. फोन यांचा होता, त्यात बॅटरी बरी होती आणि नेटवर्क एक दांडी, येणारं-जाणारं. मी म्हटलं, "अग्निशमन दलाला फोन करू."

"अजिबात नाही."

"अहो, सहा तास उन्हात..."

"सहा तास बसायचंय फक्त. माणसं बोलवायची, फोटो काढून घ्यायचे, उद्या सोसायटीच्या ग्रुपवर. 'पेशंटला घेऊन खाडीत.' नाही."

"कसला पेशंट? कोण म्हणतंय?"

"तू," हे म्हणाले. "तू म्हणतेस. बोलत नाहीस, पण दिवसभर म्हणतेस."

तेवढ्यात केतकीचा फोन लागला. "आई, कुठपर्यंत आलात?" मी यांच्याकडे बघितलं. "येतोय गं. मासे लागतायत, जरा उशीर होईल. आम्ही मजेत आहोत." फोन ठेवला. ऊन झाडांच्या वर आलं होतं. चिखलातून बारीक चटचट असा आवाज येत होता, जणू कुणी ओठ चाटतंय. 'तू म्हणतेस' हे शब्द त्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.

अर्ध्या तासानं हे उठले. "मी उतरून ओढतो. पन्नास पावलं असतील. पुढे पाणी आहे."

"उतरायचं नाही."

"तू हलकी आहेस, होडी हलकी आहे."

"उतरायचं नाही म्हटलं ना!" माझा आवाज इतका चढला, की झाडावरचा बगळा उडाला. तेवीस वर्षांत मी त्यांच्यावर अशी ओरडले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर एक हट्ट आला, जो मी केतकीच्या चेहऱ्यावर लहानपणी बघायची. त्यांनी पाय बाहेर टाकला.

पहिलं पाऊल पोटरीपर्यंत गेलं. दुसरं मांडीपर्यंत. पहिलं काढायला गेले तेव्हा दुसरं कमरेपर्यंत गेलं. हे सगळं इतकं सावकाश आणि इतकं बिनआवाजी झालं, की आधी मला कळलंच नाही. मग त्यांनी होडीचा दोर धरला आणि स्वतःला वर ओढायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी पोटावर पालथी पडले, त्यांच्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "ओढू नका. जोर लावू नका. ऐका माझं." ऐकत नव्हते. माझ्या तोंडापासून वीतभरावर त्यांचा चेहरा होता, पांढरा पडलेला. मी पट्टा सोडून गोळी काढू, की गोळी राहू दे आणि पट्टा धरू? तो एक क्षण अजूनही माझ्या हातांत आहे. हात मोकळे असले, की आठवतो.

"उबा ऱ्हाव नको! जेवरा हालशील तेवरा आत जाशील!"

आवाज झाडीतून आला. एक बाई मुळांवर पाय देत देत येत होती. साठीची असेल, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा मारलेला, हातात लोखंडी आकडी आणि कमरेला टोपली. बिळांमधल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायला आलेली.

"मांगं झुक," तिनं यांना सांगितलं. "खाटंवर निजतंस तसा निज. हात पसर."

"अहो, झोपा मागे," मी म्हटलं. हे बघत राहिले.

"निज रं! चिखल काय खात न्हाय तुला."

हे मागे रेलले. पाठ चिखलावर टेकली, जॅकेटनं त्यांना उचलून धरलं. ती बाई मुळावरच बसून एकेक सांगत होती. "आता येक पाय. हलू कार. घाई न्हाय कराची. पाय हालव, पानी जाऊं दे बाजूला. हां. आता दुसरा." किती वेळ गेला मला माहीत नाही. एक पाय आला, मग दुसरा, मग हे कुशीवर वळले आणि मी जॅकेट धरून त्यांना होडीत ओढलं. केसांपासून पायांपर्यंत चिखल. नुसते डोळे दिसत होते. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा. डाव्या हातात? जबड्यात?"

"नाही गं. दम लागलाय. नुसता दम."

ती बाई आमच्याकडे बघत होती. मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

"खारी गावची. तुमी?"

"बेव्हर्ली पार्क."

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. होडीला आकडीच्या मागच्या टोकानं टोचून बघितलं, माझा जीव वर आला. "हवंची हाय?" तिनं विचारलं. मग माशावर नजर गेली. "जितारा बरा हाय. त्याला वलं फरकं टाक, उनान खराब होल."

"पाणी कधी येईल हो?"

"येल. चिंबोरीचे बिलातून बुरबुरं याया लागलं का समजाचं." मग यांच्याकडे बघून म्हणाली, "त्याला दवाखान्यान न्ह्याचा हाय का?"

मी यांच्याकडे बघितलं. ती यांच्याबद्दल मला विचारत होती, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या वतीनं उत्तर दिलं नाही. हे म्हणाले, "नाही. मी ठीक आहे."

"मंग बसा," ती म्हणाली, उठली आणि पुढच्या बिळाकडे गेली. बराच वेळ आम्हाला तिची आकडी चिखलात खुपसल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

त्यानंतरचे चार तास. होडीच्या तळात साचलेल्या पाण्यात ओढणी भिजवून मी आमच्या दोघांच्या डोक्यांवर धरली होती. एका ओढणीच्या सावलीत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, समोरासमोर. बाटलीतलं पाणी झाकणानं वाटून घेतलं. मी दर थोड्या वेळानं त्यांच्या मनगटाला हात लावत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"एक सांगू?" हे म्हणाले. "रात्री तू मोजतेस ते मला माहीत आहे."

मी ओढणीचं टोक सावरलं.

"पहिल्यांदा कळलं तेव्हा एप्रिल होता. तू तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होतीस. मग मी जागा राहायला लागलो. म्हटलं, आपण नीट, एका लयीत श्वास घेतला तर हिला झोप लागेल. तू शंभरला पोचलीस की मला वाटायचं, आता झोपेल. तू परत एकपासून सुरू करायचीस."

"म्हणजे तुम्ही..."

"सहा महिने. दोघंही जागे. आणि सकाळी एकमेकांना विचारतो, झोप लागली का." हे हसले, पण ते हसणं लगेच मोडलं. "म्हणून येतो गं इथे. इथे कसाही श्वास घेतला तरी चालतो. मलाही भीती वाटते. घरी ती वाटून घ्यायला जागाच नाही. तुझी भीती इतकी मोठी आहे, की माझी कुठे ठेवू?"

मी रडले. चिखलानं माखलेल्या त्या माणसासमोर, भर दुपारी, ओढणीखाली मोठ्यानं रडले. 'अजून एकदा टाका' हे मीच म्हटलं, म्हणून रडले, हे त्यांना सांगायचं होतं, सांगितलं नाही. त्यांनी मला थांबवलं नाही. मग आम्ही केळी खाल्ली. मग त्यांनी, कितीतरी महिन्यांनी, मला स्वतःहून सांगितलं की त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात त्यांना नक्की काय वाटलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यात शौर्य नव्हतं, एवढंच.

चारच्या पुढे बिळांमधून बारीक बुडबुडे यायला लागले. मग चिखलावर पाण्याची पातळशी जीभ सरकत आली, थांबली, पुन्हा सरकली. होडी एकदा कुरकुरली, एकदा डुलली आणि पावणेपाचच्या सुमारास, काहीच न करता, आम्ही तरंगत होतो.

पण पाणी आत येत होतं आणि आम्हाला बाहेर जायचं होतं. पाणीच नेतं आणि पाणीच आणतं, हे त्यांचं वाक्य त्या संध्याकाळी खोटं ठरलं. मी म्हटलं, "मागे मी बसते. तुम्ही पुढे. तुम्ही फक्त सांगायचं."

मला वाटलं, हट्ट करतील. नाही केला.

"काठाला धरून राहा," हे म्हणाले. "मध्ये ओढ जास्त असते. वल्हं खोल घालू नकोस. घाई नको."

जाताना जे तासाभरात कापलं होतं त्याला पावणेदोन तास लागले. माझे तळवे सोलले. खांदे पेटले. मध्ये दोनदा आम्ही एका जागीच राहिलो, एकदा मागे गेलो. हे एखाद्या फांदीला धरून होडी थांबवायचे, मी श्वास घ्यायची, पुन्हा सुरू. त्यांची पाठ माझ्यासमोर होती, वाळलेल्या चिखलाला भेगा पडलेली. सूर्य इमारतींमागे गेला. खिडक्यांमध्ये एकेक दिवा लागायला लागला, कुठे कुठे आकाशकंदीलही. त्यात केतकीनं लावलेला आमचाही असेल, असं वाटून गेलं. मला भीती वाटत होती. पाण्याची, अंधाराची, हात निकामी होतील याची. फक्त त्या सगळ्या साध्या, समोर दिसणाऱ्या भीती होत्या. त्यांच्याशी वल्ह्यानं बोलता येत होतं.

नंतर काय झालं, ते थोडकंच. केतकीनं दार उघडलं आणि आम्हाला बघून किंचाळली. जिताडा तिनंच साफ केला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यांना काही बोलले नाहीत, मला बोलले. हे अजूनही जातात. बहुतेक वेळा मी बरोबर असते, नसते तेव्हा अजूनही कॅलेंडरवर गणित करते. रात्री कधी जाग आली तर विचारते, "जागे आहात?" आणि ते जागे असले तर हो म्हणतात. ही प्रगती आहे की नाही, मला ठाऊक नाही. पोटातला गोळा गेलेला नाही, हे मात्र ठाऊक आहे. आत्ताही, हे लिहिताना, हॉलमध्ये पायपंपाचा आवाज येतोय.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. होडी जेट्टीच्या पायरीला लागली तेव्हा अंधारून आलं होतं. हे आधी उतरले, दोर बांधला. मी उठायला गेले आणि माझे पाय हललेच नाहीत. सहा तासांचं अवघडणं आणि पावणेदोन तासांचं वल्हवणं. कमरेखाली मी लाकूड झाले होते. पायरी ओली, शेवाळलेली, त्यावर धारदार कालवं चिकटलेली. यांनी खाली वाकून हात पुढे केला.

मार्चपासून मी त्यांना भाजीची पिशवी उचलू दिली नव्हती. गॅसचा सिलिंडर सरकवू दिला नव्हता. बाजारातून येताना नारळसुद्धा मी माझ्या हातात घेत असे. ओठांवर आलं होतं, "राहू द्या, मी बसते थोडा वेळ, कुणाला तरी बोलवा."

हे वाट बघत होते. हात तसाच पुढे.

मी तो धरला आणि माझा सगळा भार त्यांच्यावर टाकला.